दहा हजार ल्युमेनचं करायचं काय?

प्रश्न: नमस्कार. मी एका मोठ्या इमारतीच्या देखभाल विभागात काम करतो. वायरिंगची पॅनेलं, पाण्याचे पंप, लिफ्टची खोली, फॉल्स सीलिंगवरून गेलेले पाइप, सगळं आमच्याकडेच. रात्रपाळीही असते. आजवर मोबाइलच्या टॉर्चवर भागवलं. दोन्ही हात गुंतले की मोबाइल दातात धरायचा. मागच्या महिन्यात तो तसाच पाण्याच्या टाकीत गेला. आता धड टॉर्च घ्यायची म्हणतोय. बरोबरचे लोक सांगतात, घ्यायचीच तर दहा हजार ल्युमेनची घे. मेव्हण्यांनी झूमची एक टॉर्च भेट दिली आहे. तिचा झोत समोरच्या गच्चीपर्यंत पोचतो, पण पॅनेलमध्ये तिचा काडीचा उपयोग होत नाही. चार्जिंगची घ्यावी की सेलची? कामावर आणि एरवीही खिशात राहील अशी एकच टॉर्च मिळेल का? शिवाय घरी एक जुनी टॉर्च आहे, तिच्यात सेल फुटून पांढरं काहीतरी जमलंय. ती वाचेल का?
– एक वाचक

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

मेव्हण्यांच्या टॉर्चपासून सुरुवात करू, कारण तुमचे निम्मे प्रश्न तिथेच सुटतात. त्या टॉर्चमध्ये बिघाड काहीच नाही. ती लांबचं बघायला केलेली आहे आणि तुमचं काम हाताच्या अंतरावरचं आहे, एवढंच.

आठवडाभर जिथे जिथे उजेड लागेल तिथे ती वस्तू डोळ्यांपासून किती लांब होती, हे मनात टिपत जा. पॅनेल अर्ध्या मीटरवर असेल. पंपाचं ग्लँड, म्हणजे शाफ्टभोवतीची गळती अडवणारी जागा, तेवढ्याच अंतरावर. फॉल्स सीलिंगमध्ये डोकं घातलं की तीन-चार मीटर. गच्चीवरची टाकी जिन्याच्या दारातून पाहिली तर वीसेक मीटर. शंभर मीटरवरचं काही शोधायची वेळ तुमच्या नोकरीत आली, तर ते बहुतेक तुमच्या खात्याचं काम नसेल.

आता थोडा हिशोब. टॉर्चमधून एकूण किती उजेड बाहेर पडतो, ते ल्युमेन. एका चौरस मीटरवर किती ल्युमेन पडतात, ते म्हणजे लक्स. ऑफिसातल्या टेबलावर साधारण ५०० लक्स असले की बारीक काम नीट होतं. साधी १०० ल्युमेनची, पण ६० अंशांत उजेड पसरवणारी टॉर्च अर्ध्या मीटरवर धरली तर पावणेदोन-दोन फुटांचं वर्तुळ उजळतं आणि त्यात ४०० लक्सच्या आसपास उजेड मिळतो. म्हणजे ऑफिसच्या टेबलाइतकाच. झूम टॉर्चने ३०० ल्युमेन तळहाताएवढ्या जागेत कोंबले की तिथे तीस हजार लक्स होतात. ढगाळ दुपारी उघड्यावर असतो त्याहून जास्त उजेड, तोही पांढऱ्या रंगाच्या पत्र्यावर, नाकासमोर. डोळ्याची बाहुली लगेच आक्रसते, आणि त्या ठिपक्याच्या बाजूची वायर, जी तुम्हाला खरी बघायची असते, ती काळ्यात बुडते. उजेड कमी पडला म्हणून तुम्हाला दिसत नव्हतं असं नाही. चुकीच्या जागी फार झाला म्हणून दिसत नव्हतं.

झूमवाल्या टॉर्चचे आणखी दोन दोष असतात. झोत आवळला की भिंगाच्या बाहेर जाणारा बराच उजेड टॉर्चच्या आतच वाया जातो. आणि पुढचा भाग सरकता असल्यामुळे पाणी-धूळ अडवणं अवघड होतं. नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी लांब जातं, जास्त होत नाही, झूमचंही तसंच. मेव्हण्यांना दुखवू नका, ती टॉर्च गच्चीच्या दाराशी खिळ्याला टांगा. टाकीची पातळी जिन्यातूनच बघायला ती उत्तम.

दहा हजार ल्युमेनचं म्हणाल, तर माझं मत स्पष्ट आहे: खिशातल्या टॉर्चवर तो आकडा दिसला की ती खाली ठेवा. पडताळा सोपा आहे. आजचा चांगला एलईडी, सगळी गळती धरून, एका वॅटमागे साधारण १०० ल्युमेन देतो. म्हणजे दहा हजारांना शंभर वॅट लागले. टॉर्चमध्ये सर्रास वापरला जाणारा १८६५० हा लिथियम सेल अगदी उत्तम असला तरी त्यात साडेबारा वॅट-तासांच्या आसपास ऊर्जा मावते. म्हणजे सेलने तेवढा प्रवाह सोसला असं गृहीत धरलं तरी सात-आठ मिनिटांत सगळं संपलं. आणि त्या वेळात बोटभर जाडीच्या अॅल्युमिनियमच्या नळकांड्यात शंभर वॅट जिरवायचे. हात पोळेल. खरोखर दहा हजार ल्युमेन देणाऱ्या टॉर्च असतात, पण त्या सोड्याच्या बाटलीएवढ्या, आत तीन-चार सेल आणि डोक्याला उष्णता बाहेर टाकणाऱ्या खाचा. त्यादेखील तो उजेड थोडाच वेळ टिकवतात.

खरे आकडे देणाऱ्या कंपन्यांचंही वाचता यायला हवं. टॉर्च मोजण्याचं एफएल १ नावाचं एक प्रमाण २००९ पासून आहे. खोक्यावर छोट्या चित्रांसकट आकडे असतात ते त्याचेच. त्यात ल्युमेन मोजतात ते टॉर्च लावल्यावर ३० सेकंद ते दोन मिनिटांच्या दरम्यान. टॉर्च किती वेळ चालते हे मोजतात ते उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंत. आता या दोन्हींच्या मधे काय होतं बघा. १००० ल्युमेन आणि चार तास असं खोक्यावर छापलेलं असतं. प्रत्यक्षात दोन-तीन मिनिटं हजार, मग टॉर्च तापली म्हणून आपोआप तीनशे, आणि उरलेला सगळा वेळ तीनशे किंवा त्याहून खाली. खोटं काहीच छापलेलं नाही, पण तुम्हाला मिळाली ती तीनशेची टॉर्च. त्यामुळे मी सर्वात मोठा आकडा बघतच नाही. बटणाने उजेड कमी-जास्त करायच्या ज्या पायऱ्या असतात, त्यातल्या मधल्या पायरीचा आकडा आणि ती पायरी किती तास टिकते, ते बघतो. उजेड-वेळेचा आलेख दिलेला असेल तर फारच छान. त्यातली सपाट रेष कुठे आहे, तीच तुमची टॉर्च.

आपला डोळाही या मोठ्या आकड्यांना फसत नाही. उजेड दुप्पट वाटायला तो साधारण चौपट व्हावा लागतो. तीनशे आणि चारशे ल्युमेनमधला फरक दोन्ही टॉर्च शेजारी धरल्याशिवाय कळत नाही. तुमच्या कामाला मी एवढं मागेन: एक पायरी एक ल्युमेनच्या आसपास किंवा खाली, एक २० ते ५०, एक १०० ते १५०, आणि एक ३०० ते ५००, जी निदान अर्धा-पाऊण तास टिकेल. त्यावर टर्बो, म्हणजे थोडाच वेळ टिकणारी सर्वात मोठी पायरी, असला तर असू दे.

एक ल्युमेनची पायरी ऐकून लोक हसतात. रात्रपाळीवाल्याने हसू नये. अंधाराला डोळा पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि एका लख्ख झोताने ती सगळी सवय क्षणात जाते. रात्री घरात कोणी झोपलेलं असताना किल्ली शोधायला, नोंदवहीत दोन ओळी लिहायला एक ल्युमेन भरपूर होतो. बटण दाबल्यावर आधी तीच पायरी लागेल अशी सोय असलेली टॉर्च मिळाली तर मी तिला झुकतं माप देईन. उलट, पायऱ्या बदलताना मधेच लुकलुक करणारा स्ट्रोब येत असेल तर ती टॉर्च नको. शिडीवर उभं असताना तो एकदा अनुभवला की पुरे.

खोक्यावर कॅन्डेला आणि मीटर असंही असतं. कॅन्डेला म्हणजे झोताच्या मध्यभागी किती जोर आहे ते. मीटरमधलं अंतर त्यातूनच काढतात: वर्गमूळ काढून दुप्पट करायची. २५०० कॅन्डेलाची टॉर्च १०० मीटर, दहा हजार कॅन्डेलाची २०० मीटर. पण त्या अंतरावर उजेड धरलेला असतो तो फक्त पाव लक्स, म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याइतका. काहीतरी उभं आहे एवढं कळेल, झडप उघडी की बंद ते कळणार नाही. खोक्यावरच्या अंतराचा तिसरा हिस्सा कामाचा धरा. तुमची वीस मीटरवरची टाकी दिसायला हजारभर कॅन्डेला पुरे, आणि तेवढे बऱ्यापैकी पसरट टॉर्चमध्येही मिळतात.

आता अशा गोष्टीकडे येतो जिच्याबद्दल खोक्यावर बहुधा काहीच लिहिलेलं नसतं, आणि वायरमनला ल्युमेनपेक्षा तिची गरज जास्त: रंग. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. त्यावर पिवळसर फॉस्फरचा थर देतात, आणि निळा व पिवळा मिळून पांढरं दिसतं. स्वस्त टॉर्चमध्ये या मिश्रणात लाल जवळजवळ नसतोच. मग तपकिरी, लाल आणि नारिंगी या तीन वायरी मळकट अशा एकाच रंगाच्या दिसतात, काळा आणि गडद निळा एकमेकांत मिसळतात, जळालेल्या लगचा (वायरीच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या तुकड्याचा) तांबूसपणा दिसत नाही, आणि फरशीवरचं ओघळलेलं तेल आणि पाणी यात फरक करता येत नाही. रंग किती खरे दिसतात याचा निर्देशांक म्हणजे सीआरआय, शंभरपैकी. साध्या टॉर्चचा ७० च्या आसपास असतो. तुम्ही ९० किंवा वरचा मागा. त्यातही एक खोच आहे: हा सरासरी आकडा आठ फिकट रंगांवरून काढतात, गडद लाल त्यात धरलेलाच नसतो. तो आर९ नावाने वेगळा मोजतात, आणि साध्या एलईडीचा आर९ शून्याच्याही खाली असू शकतो. कंपनीने आर९ जाहीर केला असेल, तर तिने विचार करून टॉर्च बनवली आहे असं समजायला हरकत नाही.

उजेडाची छटा केल्विनमध्ये मोजतात. ६५०० म्हणजे निळसर पांढरा, ४००० ते ५००० म्हणजे सकाळच्या उन्हाजवळचा. कामाला हा दुसरा बरा. चांगल्या रंगासाठी त्याच एलईडीमधून काही टक्के ल्युमेन कमी मिळतात, म्हणून जाहिरातीत तो मागे पडतो. डोळ्याला तो तोटा जाणवत नाही हे वर आलंच आहे.

दुकानात हे तपासायचं कसं? खिशात आपल्या वापरातल्या वायरीचे चार-पाच तुकडे घेऊन जा. टेबलाखाली, सावलीत, टॉर्च मारून बघा. तपकिरी आणि लाल वेगळे ओळखू आले तर आकड्यांची गरजच नाही.

पंप आणि पंख्यांजवळ काम करणाऱ्याला आणखी एक सांगायलाच हवं. उजेड कमी करण्यासाठी काही टॉर्च एलईडी भराभर बंद-चालू करतात. हा वेग कमी असेल तर फिरता शाफ्ट किंवा पंख्याची पाती त्या लुकलुकीशी जुळून स्थिर असल्यासारखी दिसू शकतात. स्थिर दिसतंय म्हणून हात घातला तर काय होईल ते सांगायला नको. टॉर्च मंद पायरीवर ठेवून झोतात पेन जोरात हलवा. पेनाची सलग पुसट पट्टी दिसली तर ठीक. पंख्यासारखी सुटी सुटी पेनं दिसली तर ती टॉर्च यंत्रांजवळ वापरू नका. मोबाइलच्या कॅमेऱ्यात पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तरी तीच शंका घ्या.

सेलची की चार्जिंगची? या वादात लोक उगीच टोकाला जातात. मला तिसरी जात आवडते: जिचा सेल काढता येतो आणि टॉर्चमध्ये बसवूनही चार्ज करता येतो. टॉर्चमध्ये कायमचा सेल बसवलेला असेल तर तो दमला की टॉर्चही संपली, आणि रात्री दोन वाजता सेल उतरला तर चार्जर शोधत बसा. काढता येणारा सेल असेल तर दुसरा खिशात ठेवता येतो.

१८६५० या नावातच माप आहे: १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी. याची खरी क्षमता आज साडेतीन हजार एमएएचच्या आसपास संपते. सेलवर ९९०० छापलेलं दिसलं तर ते धादांत खोटं आहे, आणि जो सेल क्षमतेबद्दल खोटं बोलतो त्याच्या सुरक्षेवर मी विश्वास ठेवणार नाही. त्याचा थोरला भाऊ २१७०० पाच हजारांच्या आसपास किंवा थोडा वर जातो, पण टॉर्च जाड होते. पेन्सिल सेल, म्हणजे एए, याचा फायदा असा की तो कुठेही मिळतो. रिचार्ज होणारा निकेल-मेटल हायड्राइडचा घेतला तर त्यात अडीच वॅट-तासांच्या आसपास ऊर्जा असते. १८६५० च्या पाचवा हिस्सा. शंभर ल्युमेनवर दोन-अडीच तास. खिशातल्या टॉर्चला हे पुष्कळ आहे, पूर्ण पाळीला नाही.

सुट्या लिथियम सेलची मात्र भीती बाळगा. किल्ल्या किंवा नाण्यांबरोबर तो खिशात टाकला आणि दोन टोकं जुळली तर खिशात आग लागते. प्लास्टिकच्या डबीतच ठेवायचा. वरचं प्लास्टिकचं वेष्टण फाटलेला, चेपलेला सेल वापरायचा नाही. बरेच दिवस वापर नसेल तर अर्धा भरून थंड जागी ठेवा; पूर्ण भरून उन्हातल्या गाडीत टाकला की त्याचं आयुष्य झपाट्याने घटतं. दोन सेलच्या टॉर्चमध्ये जुना आणि नवा अशी जोडी कधीच लावू नका. आधी रिकामा झालेला सेल उलटा चार्ज व्हायला लागतो. अल्कलाइन असेल तर गळतो, लिथियम असेल तर स्फोटही होऊ शकतो.

चार्जिंगबद्दल एक बारीक गोष्ट. टॉर्चला यूएसबी-सी खाच असली म्हणजे कुठल्याही सी-टू-सी केबलने ती चार्ज होईलच असं नाही. काहींनी आतले दोन छोटे रेझिस्टर वाचवलेले असतात आणि मग ती फक्त जुन्या चौकोनी टोकाच्या केबलवर चालते. घेतल्या दिवशीच तपासा.

आता एकच टॉर्च की दोन? तुम्ही एक म्हणालात, मी दोन सांगेन. मोबाइल दातात धरणाऱ्या माणसाला सगळ्यात आधी हवी ती डोक्याला बांधायची. हेडलॅम्पने दोन्ही हात मोकळे होतात आणि उजेड नजरेबरोबर फिरतो. काटकोनात डोकं असलेली टॉर्च घेतली तर ती पट्ट्यातून काढून हातातही धरता येते, खिशाला अडकवता येते, आणि शेपटाला चुंबक असला तर लोखंडी चौकटीला चिकटवता येते. एकच घ्यायची असा हट्टच असेल तर हीच जात घ्या. पण ती अंगठ्याहून जाड असते, सुट्टीच्या दिवशी ती घरीच राहील. रोज खिशात राहणारी टॉर्च वेगळी: एका एए किंवा तेवढ्याच लिथियम सेलची, बोटभर लांब, क्लिपवाली. तिच्याकडून दीडशे-दोनशे ल्युमेनपेक्षा जास्त अपेक्षा ठेवू नका. जी टॉर्च जड वाटते ती तिसऱ्या दिवशी ड्रॉवरमध्ये जाते.

हेडलॅम्पचा एक तोटा असतो. उजेड डोळ्यांजवळून निघत असल्याने सावल्या दिसत नाहीत, आणि सावल्या नाहीत तर पृष्ठभागाची चढ-उतार कळत नाही. पत्र्यावरची बारीक चीर, फुगलेलं इन्सुलेशन बघायला हातातली टॉर्च बाजूने, जवळजवळ पृष्ठभागाला टेकवून धरा. खाली पडलेला बारीक स्क्रू शोधायलाही हेच: टॉर्च फरशीवर आडवी ठेवा आणि हळूहळू फिरवा. स्क्रू दिसायच्या आधी त्याची लांबलचक सावली दिसते. उभ्याने हजार ल्युमेन मारून जे सापडत नाही ते असं पन्नासात सापडतं.

खिशातल्या टॉर्चचं बटण नीट पारखा. दिवा खिशात आपोआप लागणं ही गंमत नाही. मोठ्या पायरीवर लागला तर कपड्याला भोक पडतं आणि मांडी भाजते. मागचं झाकण पाव फेरा सैल केलं की बंद पडणारी टॉर्च सर्वात बिनधोक. आट्यांवर अॅनोडायझिंग, म्हणजे अॅल्युमिनियमवर चढवलेला ऑक्साइडचा थर, असेल तरच हे जमतं, कारण तो थर वीज जाऊ देत नाही. उघड्या आट्यांच्या टॉर्चमध्ये झाकण सैल केलं तरी सर्किट पूर्ण राहतं. बटण इलेक्ट्रॉनिक असेल तर ते बंद असतानाही थोडी वीज खातं. महिनोन्महिने पडून राहणाऱ्या टॉर्चचं झाकण म्हणूनही सैल ठेवावं. आणि हातमोजे घालून बटण चाचपडून बघा. पुष्कळ देखण्या टॉर्च इथेच नापास होतात.

पाण्याचं थोडक्यात: आयपीएक्स४ म्हणजे शिंतोडे चालतील, आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, आयपीएक्स८ म्हणजे त्याहून खोल, किती ते कंपनी सांगेल. तुमची टाकीची पार्श्वभूमी बघता ७ च्या खाली जाऊ नका. एक्सच्या जागी ६ असेल तर धुळीचीही चाचणी झालेली आहे. चार्जिंगच्या खाचेचं रबर बंद नसेल तर या सगळ्याला अर्थ नाही. आट्यांमधल्या रबरी रिंगेला अधूनमधून सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा.

उघड्या, चालू पॅनेलमध्ये धातूची टॉर्च नेऊ नका. अॅल्युमिनियमचं नळकांडं निसटून बसबारवर, म्हणजे वीज वाहणाऱ्या उघड्या पट्ट्यांवर, पडलं तर फेज-टू-फेज शॉर्ट होईल, आणि वर चुंबकाने चिकटवलेली टॉर्चसुद्धा दार आपटलं की पडतेच. तिथे प्लास्टिकच्या अंगाचा हेडलॅम्प, पट्टा घट्ट. चुंबकाला लोखंडाचा कीस चिकटतो, तोही त्याच कारणासाठी पुसून काढत जा. पेसमेकर बसवलेला कोणी सहकारी असेल तर त्याच्या छातीजवळच्या खिशात चुंबकाची टॉर्च नको.

सांडपाण्याची टाकी, डिझेलची खोली, थिनरचं गोदाम अशा ठिकाणी मी वर सांगितलेली एकही टॉर्च चालणार नाही. बटणाची ठिणगी किंवा तापलेला सेल तिथे स्फोटाला पुरेसा असतो. त्यासाठी एटेक्स किंवा आयईसीईएक्स या, स्फोटक वायू-वाफांच्या जागी वापरायच्या उपकरणांच्या, प्रमाणपत्राची टॉर्च लागते, आणि ती कुठल्या झोनसाठी, म्हणजे धोक्याच्या किती पातळीच्या जागेसाठी, आहे हे तिच्यावर कोरलेलं असतं. तिचा सेलही बाहेर येऊनच बदलायचा. ही खरेदी स्वतःच्या खिशातून करू नका. मालकाकडून मागा, लेखी मागा.

राहिली घरची जुनी टॉर्च. ते पांढरं म्हणजे बहुधा अल्कलाइन सेलमधून गळलेलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड, हवा लागून त्याचं पोटॅशियम कार्बोनेट झालेलं. हातमोजे आणि चष्मा घाला. सेल सहज निघत असतील तर काढा, कापसाच्या बोळ्याला व्हिनेगर लावून थर पुसा. फेस येईल, तो यायलाच हवा. मग ओल्या फडक्याने व्हिनेगर पुसून एक दिवस उघडी वाळवा आणि स्प्रिंग बारीक पॉलिश पेपरने घासा. सेल फुगून नळीतच अडकले असतील तर पक्कड घेऊन झटू नका, टाकून द्या. वाचली तर तिच्यात पुन्हा अल्कलाइन सेल घालू नका. निकेल-मेटल हायड्राइडचे घाला. ते क्वचितच गळतात. आणि वर्षानुवर्षं ड्रॉवरमध्येच पडून राहणार असेल तर एकदाच वापरायचे दीड व्होल्टचे लिथियम एए घाला. ते न वापरता वीस-पंचवीस वर्षांपर्यंत टिकतात असं बनवणारेच सांगतात. फक्त रिचार्जच्या चार्जरमध्ये ते चुकूनही लावायचे नाहीत, म्हणून घरात दोन्ही असतील तर वेगवेगळ्या डब्यांत ठेवा.